हर्णैच्या बंदरावर पाहुणे म्हणून जाताना काय पाहावे आणि कोणती काळजी घ्यावी?

पुणेकर सई

नमस्कार. डिसेंबरच्या उत्तरार्धात आम्ही सहकुटुंब दापोली तालुक्यातील हर्णै येथे तीन-चार दिवस राहण्याचे ठरवत आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले असतील. समुद्रकिनारे मुलांनी बरेच पाहिले आहेत. यंदा त्यांनी मासेमारीवर जगणारे गाव पाहावे, ताटात येणारी सुरमई कोणाच्या कष्टाने येते हे त्यांना कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मात्र मनात थोडा संकोचही आहे. बंदर ही लोकांच्या रोजच्या कामाची जागा आहे आणि तिथे आपण हातात मोबाइल घेऊन उभे राहिलो तर त्यांची अडचण होईल, असे वाटते. लिलाव नेमका केव्हा असतो, बाहेरच्या माणसांनी तो पाहिलेला चालतो का, छायाचित्रे काढावीत का आणि घरापुरती मासळी तिथे विकत मिळते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे सुवर्णदुर्गावर त्यांना नेता येईल की नाही, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

आंजर्लेकर

सईताई, आपला विचार फार चांगला आहे. माझे घर खाडीपलीकडे आंजर्ल्याला असल्यामुळे हर्णैचे बंदर लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोठा लिलाव दुपार उलटल्यावर, साधारण चारनंतर रंगात येतो आणि दिवस मावळेपर्यंत चालतो. सकाळीही मासळी उतरते, पण मुलांना दाखवायचे असेल तर संध्याकाळच योग्य. इथला किनारा उथळ असल्यामुळे मोठ्या नौका वर्षानुवर्षे लांब पाण्यात नांगर टाकून उभ्या राहत आल्या आहेत. त्यांच्यावरची मासळी आधी लहान होड्यांत उतरते आणि होड्यांतून बैलगाड्यांत किंवा माणसांच्या डोक्यावरून काठावर येते. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे आहेत, गाडीवान त्यांना शांतपणे बोलून थोपवून धरतो आहे आणि होडीतले खलाशी गाडीत एकामागून एक टोपल्या रिकाम्या करत आहेत, हे दृश्य आपली मुले विसरणार नाहीत. जाताना त्याच गाड्या नौकांसाठी बर्फ आणि डिझेल घेऊन जातात. मुलांना हे मुद्दाम दाखवा, कारण मासेमारीत मालकाचा केवढा पैसा बर्फात आणि डिझेलात जातो, हे त्या पिंपांकडे पाहूनच समजते.

वाळूवर मासळीचे जातवार ढीग लागतात. सुरमई आणि पापलेट वेगळे, बांगडा वेगळा, कोळंबी आणि म्हाकूल वेगळे. मग त्या ढिगाभोवती व्यापारी गोळा होतात, बोली सुरू होते आणि आपल्याला आकडे कळेकळेपर्यंत सौदा ठरलेला असतो. लगेच मासळीवर फोडलेला बर्फ पडतो आणि ती टेम्पोत चढते. ही घाई समजून घेतली पाहिजे. मासळीचा दर घटकेघटकेला उतरतो, म्हणून ढीग आणि टेम्पो यांच्या मधल्या वाटेत उभे राहणे म्हणजे एखाद्याचे प्रत्यक्ष नुकसान करणे होय. बाजूला, थोड्या उंचवट्यावर उभे राहा. तिथून सगळे दिसते आणि कोणी काही म्हणत नाही.

लिलावातला ढीग घरच्या ग्राहकाला परवडणारा नसतो आणि तिथे मध्येच बोली लावूही नये. त्या लिलावातून मासळी घेऊन जवळच किरकोळ विकायला बसलेल्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्यावी. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत आणि बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर येणारे असले म्हणजे मासा ताजा समजावा. साफ करून, तुकड्या पाडून देणाऱ्या बायकाही तिथेच असतात. त्यांची मजुरी वेगळी द्यावी लागते आणि त्यात घासाघीस करू नये, असे मला वाटते. दापोली तालुक्यातल्याच मुरुड, कर्दे, आंजर्ले या भागातल्या पुष्कळ घरगुती निवासांत आपण आणलेली मासळी रांधून देतात, मात्र ते खोली ठरवतानाच विचारून घ्या.

डिसेंबर हा महिना आपण योग्य निवडला आहे. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण पावसाळा हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत हर्णैला येणारे लोक ‘मासळी का नाही’ म्हणून नाराज होतात, तेव्हा वाईट वाटते. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाली की हंगाम खऱ्या अर्थाने उभा राहतो आणि थंडीत तो स्थिर असतो. तरीही वारा उठला तर नौका समुद्रात जात नाहीत, गेलेल्या परत फिरतात आणि आसऱ्यासाठी आमच्या आंजर्ल्याच्या खाडीत येऊन थांबतात. असा एखादा दिवस आपल्या वाट्याला आला तर लिलाव दिसणार नाही, पण खाडीत दाटीने उभ्या असलेल्या नौका अवश्य पाहा.

कोळीवाड्यातली लेक

सईताई, माझे माहेर हर्णैला लागूनच असलेल्या पाजपंढरीचे आहे. आमच्या गावाबद्दल इतक्या आपुलकीने कोणी विचारले की बरे वाटते, म्हणून छायाचित्रांच्या प्रश्नाला मी उत्तर देते.

छायाचित्रे काढायला कोणाची हरकत नसते, पण माणसाचे छायाचित्र काढण्याआधी त्या माणसाला विचारावे. ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढे विचारले की बहुतेक जणी हसून हो म्हणतात. एखादी नाही म्हणाली तर तिला कारण विचारू नये. पहाटेपासून राबणारी बाई घामाने आणि मासळीच्या पाण्याने भिजलेली असते, आणि आपले तसे चित्र अनोळखी माणसाच्या मोबाइलात जावे असे तिला वाटत नाही, यात गैर काहीच नाही. काही पाहुणे डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला ‘जरा थांबा, इकडे बघा’ असे सांगतात. भरलेल्या पाटीचे ओझे मानेवर घेऊन उभे राहणे काय असते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो असे कधीच सांगणार नाही.

किनाऱ्यावर पसरलेली जाळी कितीही जुनी दिसली तरी त्यांच्यावरून चालू नये आणि मुलांना त्यांच्यावर खेळू देऊ नये. एक फाटलेला भाग विणायला कधी कधी पूर्ण दुपार जाते. जाळे विणत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांशी मात्र जरूर बोला. त्यांचे हात चालू असतात, पण बोलायला ते मोकळे असतात आणि मुलांनी प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात. कोणत्या जाळ्याला केवढे आस, म्हणजे विणीतली भोके, आणि त्यात कोणता मासा अडकतो, हे ते हातात धरून दाखवतील. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, समुद्रावर असताना बंदरावरची विक्री, उधारी, हिशेब आणि घर हे सगळे बायकाच पाहतात, हेही आपल्या मुलीला, मुलाला कळू द्या.

सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो म्हणून नाकाला पदर किंवा रुमाल लावून वस्तीतून फिरू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. तो वास आमच्या पावसाळ्याच्या बेगमीचा आहे. बंदीच्या दोन महिन्यांत पुष्कळ घरांचे जेवण त्याच सुक्या मासळीवर चालते. वस्तीतून जाताना सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, किंवा सुका बांगडा विकत घेतलात तर पैसे थेट त्या घरात जातात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तळहाताएवढी लहान पापलेटे स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. 2023 मध्ये पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केले, त्यामागे त्याची घटती संख्या हेच मोठे कारण होते. एकदाही न व्यालेला मासा बाजारात गेला तर पुढच्या हंगामात आमच्याच जाळ्यात काही येणार नाही. लहान मासळीला गिऱ्हाईक राहिले नाही तर ती धरण्यात कोणाला फायदा राहणार नाही, म्हणून हे पाहुण्यांच्याही हातात आहे.

दुर्गवाट

सुवर्णदुर्गाबद्दल लिहितो. किल्ला समुद्रात आहे आणि हर्णैहून छोट्या यांत्रिक होडीने तिथे जाता येते. पलीकडे पक्का धक्का नाही. होडी किल्ल्याच्या पूर्वेकडच्या वाळूजवळ थांबते, तिथून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाण्यातून उतरून जावे लागते, पुढे खडकही आहेत. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला हे झेपणार नाही, म्हणून सासूबाईंना नेण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्यासोबत घरातले एक माणूस किनाऱ्यावर राहिले तर उत्तम. मुलांना न्यायचे असल्यास सकाळी न्या. सकाळी मतलई वारा असतो आणि समुद्र शांत असतो, दुपारी खारा वारा सुटला की पाणी हलते. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका आणि होडीवाला आज नको म्हणाला तर त्याचे ऐका.

महादरवाजा किनाऱ्याच्या दिशेला तोंड करून आहे, तरी जवळ जाईपर्यंत तो चटकन लक्षात येत नाही. पायरीवर कोरलेले कासव आणि तटावरचा मारुती मुलांना शोधायला सांगा. आत पाण्याची टाकी, पडके चौथरे आणि खूप झुडपे आहेत. वस्ती नाही, पिण्याचे पाणी किंवा खाण्याचे काहीही मिळत नाही, त्यामुळे पाणी सोबत न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.

हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा मोठा आधार होता. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले आणि 1755 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. इंग्रजांच्या आरमाराचा अधिकारी कमोडोर जेम्सने तोफांचा मारा करून सुवर्णदुर्ग जिंकला, पुढच्या वर्षी विजयदुर्गही गेला आणि मराठ्यांच्या हाती असलेले सर्वांत समर्थ आरमार आपल्याच भांडणात संपले. मला हा आपल्या इतिहासातला फार दुःखद प्रसंग वाटतो आणि हर्णैच्या काठावर उभे राहून मुलांना तो सांगण्यासारखा आहे. 2025 मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे, त्यामुळे तिथली वर्दळ आता वाढणार हे उघड आहे.

किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन लहान दुर्ग आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि बंदर त्याच्या पायथ्याशीच आहे. फत्तेगडावर आता मच्छीमारांची वस्ती असल्यामुळे तिथे किल्ला पाहायला म्हणून लोकांच्या अंगणातून फिरू नये. कनकदुर्गाच्या थोड्याच पायऱ्या चढल्या तरी सुवर्णदुर्ग समोर दिसतो, तेवढ्याने सासूबाईंनाही किल्ल्याचे दर्शन होईल.

पुणेकर सई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आपुलकीने कोणी लिहील असे वाटले नव्हते. ताई, पाटीबद्दलचे आपले वाक्य मी मुलांना वाचून दाखवले.

आता दोनच शंका आहेत. आम्ही पोहोचू त्या दिवशी अष्टमी आहे, तर त्या दिवशी भरती-ओहोटी कधी असेल हे कसे काढतात? आणि सासूबाईंचे जेवण व त्यांचा वेळ यांची सोय कशी करावी?

आंजर्लेकर

तिथीला पाऊणाने गुणले की भरतीची वेळ साधारण निघते, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब आहे. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे जाते. आपण लिलावाला चारला पोहोचलात तर पाणी चढत असेल. अष्टमीला भांग, म्हणजे कमी जोराची भरती, असल्यामुळे पाणी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणासारखे वेगाने अंगावर येत नाही, तरी मुलांना होड्यांच्या बाजूला पाण्यात उतरू देऊ नका, कारण नांगरांचे दोर पाण्याखाली ताणलेले असतात आणि ते दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास सुवर्णदुर्गाला निघालात तर पाणी उतरणीला लागलेले असेल आणि वारा पडलेला असेल. तरी नेमकी वेळ होडीवाल्यालाच ठरवू द्या.

सासूबाईंच्या जेवणाची मुळीच चिंता नको. आंजर्ले आणि मुरुड येथे शाकाहारी घरगुती खानावळी आहेत. आदल्या दिवशी सांगितले तर उकडीचे मोदक, वालाची उसळ, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, सोलकढी असे साधे जेवण मिळते. मुक्कामही मुरुड किंवा आंजर्ल्याला करा. बंदराच्या अगदी जवळ रात्रभर इंजिनांचा आणि टेम्पोंचा आवाज असतो, त्यांना झोप लागणार नाही. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, त्यामुळे दर्शन आरामात होईल, आणि देवळाजवळून खाली माडांची वाडी व समुद्र दिसतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या वाड्यांची फार हानी झाली होती. नव्याने लावलेली झाडे आता कुठे उभी राहत आहेत, ती पाहताना सासूबाईंना वाडीवाल्यांशी बोलायला नक्की आवडेल.

गाडी वाळूवर उतरवू नका, हे मात्र आग्रहाने सांगतो. कर्दे आणि मुरुडच्या किनाऱ्यावर गाड्या रुततात आणि भरती आली की त्या ओढायला गावातल्याच माणसांना धावावे लागते. शिवाय थंडीत ऑलिव्ह रिडले कासवे याच वाळूत अंडी घालतात. गादे, म्हणजे डॉल्फिन, दाखवणाऱ्या होडीत बसलात तर होडी त्यांच्या मागे लावू नका असे आधीच सांगा. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड या रस्त्याने येणे बरे, आणि दापोलीहून हर्णै सुमारे 16 किलोमीटर आहे. रेल्वेने यायचे असेल तर खेड स्थानकावर उतरून एसटीने दापोलीला या. खोली ठरली की कळवा, त्या भागातल्या किरकोळ मासळी विकणाऱ्या बायका कोणत्या बाजूला बसतात ते नेमके सांगतो.