निवाऱ्यातली माणसं पहिल्या पगाराआधीच काम सोडतात, काय करावं?

प्रश्न: आमची संस्था पालिकेच्या बेघर निवाऱ्यातल्या लोकांना हाउसकीपिंगची आणि हॉटेलातली कामं लावून देते. लागतात, पण टिकत नाहीत.

उत्तर १: पगार महिन्याने होतो, गाडं तिथेच अडतं. नाक्यावरची मजुरी संध्याकाळी हातात पडते. इथे महिनाभर बसभाडं आणि दुपारचं जेवण कशातून भागवायचं? पहिले दोन महिने दर शनिवारी उचल द्यायला ठेकेदाराला राजी करा.

प्रश्नकर्ता: उचल घेऊन माणूस गायब झाला तर?

उत्तर १: झालेल्या कामाचीच द्यायची, आगाऊ नाही. मग बुडणार काय?

उत्तर २: कागदपत्रंही बघा. आधारच्या पत्त्यासाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, पण ते ३ महिन्यांपुरतंच. केंद्राची वेळ मिळाल्यावरच सही घ्या. तोवर बँकेत 'छोटं खातं' उघडा: फोटो, आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा. त्यातून महिन्याला १०,००० रुपयेच काढता येतात आणि वर्षाची एकूण जमा १ लाखापर्यंतच. पगार १४,००० असेल तर आठवा पगार अडकतो. ओळखपत्र आलं की लगेच खातं बदलून घ्या. बँकवाले छोट्या खात्याला टाळाटाळ करतात, म्हणून पहिल्यांदा कार्यकर्त्याने सोबत जावं.

उत्तर ३: रात्रपाळी लावताय? मग दिवसा झोपायला निवारा उघडा असतो का ते आधी विचारा. आणि कुलपाची पेटी हवीच; गणवेश नि मोबाइल चोरीला गेला की दुसऱ्या दिवशी खाडा ठरलेला.