जुनं घर सोडवून संग्रहालयात उभं केलं, तर त्यातलं जुनं किती उरतं?

ओसरी: आर्थर हाझेलियसने १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कानसेन हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं, तेव्हापासून खेड्यातली घरं उचलून खुल्या संग्रहालयात नेतात. नेतात म्हणजे नक्की काय करतात? आणि परत उभं केलेलं घर खरं किती, नवं किती?

रंधा: लाकडी सांगाड्याची घरं सोडवायच्या कामावर असतो, म्हणून लाकडाचंच सांगतो. निम्मा वेळ हातोडी न उचलता जातो. मोजमापं, नकाशे, फोटो, मग प्रत्येक खांबाला, तुळईला नंबराचा बिल्ला. बिल्ला कुठल्या अंगाला ठोकायचा हेही ठरलेलं, नाहीतर उभारताना तुळई उलटी बसते. पुष्कळदा मूळ सुताराच्या पटाशीच्या खुणाही सापडतात. त्यानेही सांधे आधी जमिनीवर जुळवून पाहिलेले असतात. त्या खुणांना हात लावायचा नाही.

खुंट्या मागून ठोकल्या की सांधे सुटतात. कुजलेला असतो तो बहुतेक खांबाचा पाय. तेवढाच कापून नवा तुकडा जोडतो आणि त्यावर वर्षाचा आकडा कोरतो, म्हणजे नवं किती ते कुणालाही मोजता येतं. कीड असेल तर गरम हवेने लाकडाचा गाभा ५५ अंशांपर्यंत तापवून तासभर ठेवायचा, अळ्या मरतात.

मातीच्या भिंतीपुढे मात्र हात टेकतात. तीच माती फोडून, भिजवून भिंत परत घालता येते, पण पिढ्यान्‌पिढ्यांचे चुन्याचे हात गेले ते गेले. जर्मनीत बाड विंडसहाइमच्या संग्रहालयाने म्हणूनच अख्ख्या भिंती चौकटीत आवळून गाडीवर घालून आणल्या. महागडं काम, पण गिलावा, रंग सगळं जागच्या जागी.

चौथरा: एवढा खटाटोप करण्यापेक्षा घर आहे तिथेच दुरुस्त करावं ना. बांध, विहीर, वाऱ्याची दिशा सोडून घराला अर्थ काय?

रंधा: शंभर टक्के मान्य, हलवणं हा शेवटचा उपाय. पण इंग्लंडात केंटमधलं ‘बेलीफ’ नावाचं शेतघर बाउ बीच जलाशयाखाली जाणार होतं. ते सोडवून ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात उभारलं. तिथे दुसरा काय पर्याय होता?

ओसरी: आणि कुठल्या काळातलं घर दाखवायचं हे कसं ठरवतात? मधे कुणी भिंत घातली, खिडकी पाडली असेल तर?

रंधा: खरी भांडणं इथेच. पूर्वी सरसकट नंतरचं सगळं उपटून ‘मूळ रूप’ काढायचे. मला ते अजिबात पटत नाही. ज्यांनी ती खिडकी पाडली तेही त्याच घरात राहिलेत की! वेल्समध्ये सेंट फॅगन्सला मर्थर टिडफिलहून आणलेली लोखंड-कामगारांची सहा घरांची रांग आहे. एक घर १८०५ चं म्हणून मांडलंय, पुढचं १८५५ चं, असं करत शेवटचं १९८५ चं. सगळ्यांना हे जमणार नाही, सहा घरं हाताशी लागतात. एकच घर असेल तर मी म्हणेन, शेवटचं बिऱ्हाड गेलं त्या दिवशी होतं तसं ठेवा.

चौथरा: विजेच्या वायरी आणि पत्र्यासकट?

रंधा: पत्र्यासकट. गळत नसेल तर.