मदत हवी आहे: एन्क्रिप्शन असलेली फाइल सिस्टीम परदेशी ग्राहकाला देताना स्कोमेटचं (सरकारच्या निर्यात-नियंत्रण यादीचं) लायसन्स लागतं का?

नमस्कार मंडळी. महापेला आमची चार जणांची कंपनी आहे. ओपनझेडएफएस ही ओपन सोर्स फाइल सिस्टीम एका जुन्या स्टोरेज बॉक्सवर पोर्ट केलीय, दोन वर्षं खपलोय त्यात. आता जर्मनी आणि दुबईहून पहिल्या ऑर्डरी आल्यात, डाउनलोड लिंकचा मेल ड्राफ्टमध्ये तसाच पडून आहे. कारण लिंक पाठवली तरी ती निर्यातच.

घोडं अडलंय एन्क्रिप्शनपाशी. आत एईएस-२५६ (२५६ बिटांच्या कीची एन्क्रिप्शन पद्धत) आहे, आणि स्कोमेटच्या ८ए५ भाग २ मध्ये ५६ बिटांपुढची सिमेट्रिक की (कुलूप लावायला-उघडायला एकच किल्ली) येते. सीडीडीएल या ओपन सोर्स लायसन्सखालचा सोर्स कोड आम्ही खुला ठेवलाय, पण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारा भाग आमचा स्वतःचा, बंद आहे. त्या एका भागामुळे अख्खं पॅकेज यादीत जातं का?

डीजीएफटीकडे (विदेश व्यापार महासंचालनालयाकडे) असा अर्ज कुणी केलाय का? ग्राहकाकडून एंड यूजर सर्टिफिकेट (माल कोण, कशासाठी वापरणार याचा दाखला) कसं घेतलंत? ठाणे-नवी मुंबईतला जाणकार सल्लागार माहीत असेल तर कृपया कळवा. चुकीचं काही पाठवायचं नाहीये.