मदत हवी आहे: ‘नॉनथीइस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय आणि एकाच शब्दापाशी दोन दिवस अडलेय. लेखात ‘एथीइस्ट’ आणि ‘नॉनथीइस्ट’ हे दोन शब्द मुद्दाम वेगळे वापरलेत. पहिला म्हणजे देव नाही असं मानणारा. दुसरा जास्त ऐसपैस: ज्यांच्या विचारात देवाचं काही कामच पडत नाही, अशा सगळ्यांना सामावून घेणारा. मी आधी दोन्हीकडे ‘नास्तिक’ लिहून मोकळी झाले होते. पुढे बौद्ध विचारावरचा परिच्छेद आला आणि ते पटेना.

‘नास्तिक’ म्हणजे न + आस्तिक, असंच मी आजवर धरून चालले होते. पण पाणिनीचं सूत्र आहे ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘अस्ति’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नास्ति’ अशी ज्याची मती तो नास्तिक. म्हणजे ‘नास्तिक’ हा ‘आस्तिक’ला नकार लावून झालेला नाही, दोन्ही शब्द आपापल्या पायावर उभे आहेत! आणि सूत्रात देवाचं नावही नाही. काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका तिथे परलोक घेते, म्हणजे ‘परलोक आहे’ असं मानणारा तो आस्तिक. मनुस्मृतीत (२.११) नास्तिक म्हणजे वेदनिंदक. म्हणून तर ईश्वर न मानणारं सांख्य आस्तिक दर्शनांत बसतं आणि बौद्ध-जैन बाहेर राहतात. आज मात्र आपण हा शब्द फक्त देवापुरता वापरतो.

गंमत म्हणजे तिकडेही तेच. ‘एथीइझम’ हा शब्द ‘देवाविना’ या अर्थाच्या ग्रीक ‘अथेऑस’वरून १६व्या शतकात आला, ‘थीइझम’ १७व्या शतकातला. नकार आधीचा, होकार नंतरचा. हे वाचून मी अक्षरशः वही बाजूला ठेवून बसले.

तर ‘एथीइस्ट’साठी ‘नास्तिक’ ठेवतेय, वाचकाला तोच कळेल. ‘अज्ञेयवादी’ (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा) नको, तो इंग्रज शास्त्रज्ञ हक्स्लेच्या १८६९च्या ‘अ‍ॅग्नॉस्टिक’साठी रुळलाय. अडलंय ते ‘नॉनथीइस्ट’पाशी: ‘निरीश्वरवादी’ की ‘अनीश्वरवादी’? ‘निरीश्वर सांख्य’ असा जुना प्रयोग आहे, त्यामुळे माझा कल पहिल्याकडे आहे. पण ‘वादी’ जोडलं की तोही ठाम नकारच वाटतो आणि मूळ शब्दातला मोकळेपणा जातो. नुसतं ‘निरीश्वर’ लिहिलं तर माणसाबद्दल चालेल का? संस्कृत किंवा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं. या दोन शब्दांत फरक करणारा जुना प्रयोग कुठे आढळला असेल, तर तोही हवाय.