सल्ला केंद्राच्या वर्गणीवरून

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मार्केटमागचं, कागदपत्रांच्या अडचणींसाठीचं मोफत सल्ला केंद्र मार्चनंतर चालेल की नाही, शंका आहे. सगळ्या सोसायट्यांना पत्र आलंय. मेंटेनन्समधून एक रुपयाही जाणार नाही, आधीच सांगतो. वर्गणी ज्याची त्याने.

ए-१०२: मोफत आहे म्हणता, मग पैसे कशाला? 😄

बी-३०४: काका, सल्ला मोफत आहे, सल्ला देणारी मुलगी नाही. खोली देवळाच्या ट्रस्टने दिलीय, अडलंय ते तिच्या पगारावर.

सी-५०१: वहिनी, सरकारकडून वकील फुकट मिळतो ना? कायदेशीर मदतीच्या १५१०० वर फोन करायचा.

बी-३०४: मिळतो की. बायकांना तर उत्पन्नाची अटही नाही. पण आमच्या केंद्रात येणारे लोक त्याच्या कितीतरी आधी अडलेले असतात. परवा एक मावशी आल्या, संजय गांधी निराधारचा अर्ज परत आलेला. रेशनकार्डावर सुमन, आधारवर सुमनबाई, पासबुकावर माहेरचं आडनाव! तलाठी म्हणे सेतूत जा, सेतूवाला म्हणे अ‍ॅफिडेव्हिट आणा. महिना दीड हजाराचं अनुदान आणि एजंट आधीच दोन हजार मागतोय. केंद्रातल्या त्या मुलीने सगळे कागद टेबलावर पसरले, लाल पेनाने नावांना गोल केले, मसुदा लिहून दिला. ह्यात वकील काय करणार?

ए-१०२: बरं, आजवर कसं चालायचं?

बी-३०४: मुंबईच्या एका मोठ्या संस्थेकडून वाटा यायचा. तिला परदेशातून मदत होती. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, तसला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली. संपलं. मग एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, कॉम्प्युटर दिले, प्रिंटर दिला, दारावर स्वतःचा बोर्ड लावला. पगाराचं काढलं की विषय बदलतात.

डी-२०३ (सीए): त्यात टॅक्सचीही भर. नवीन टॅक्स रिजीम डिफॉल्ट झाली, तिच्यात ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट नाही. मार्चअखेर पावतीसाठी देणारे माझ्याकडचेच कितीतरी क्लायंट गळाले. जुन्या रिजीममध्ये असाल तर ऑनलाइन द्या, २००० च्या वर रोख दिलं तर वजावट नाही.

ए-१०२: म्हणजे पुण्य पण रिजीम बघून 🙏

सी-५०१: गणपतीचे उरलेत ना पैसे?

सेक्रेटरी: त्याला हात लावायचा नाही. मागचा वाद पुरे झाला.

ई-४०२: मग दरमहा २०० काढूया का, जमेल त्या घरांनी?

बी-३०४: ताई, तेच हवंय. एकदम पाच हजार आले की झेरॉक्स मशीन दुरुस्त होतं, पुढच्या महिन्यात पगाराची बोंब तशीच. थोडे का होईना, ठरलेल्या तारखेला आले तरच माणूस टिकतो.

ई-४०२: आमचे धरा.

डी-२०३ (सीए): आमचेही. ऑटो-डेबिट लावतो.

ए-१०२: हिशोब कोण बघणार पण?

बी-३०४: शनिवारी चार ते सहा मी तिथेच असते, वही टेबलावर असते. या बघायला. आणि येताना बिल्डरचं ते पार्किंगचं पत्र घेऊन या काका, त्याचंही बघून टाकू.