फुकटच वाटतोय तरी लायसनचा घोळ? डीएनडीचं मराठी ॲप

पोवईनाका_डी२०:
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. आम्ही साताऱ्यातले पाच-सहा जण दर रविवारी डीएनडी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रांची गोष्ट रचायचा खेळ, खेळतो, पाचवी आवृत्ती. गच्चीवर, एक पुस्तक सगळ्यांत मिळून. निम्म्या पोरांना इंग्रजी वाचून कॅरेक्टर बनवायचा कंटाळा येतो म्हणून गेल्या वर्षी आम्ही मराठी ॲप बनवलं, कॅरेक्टर शीट भरा, स्पेल म्हणजे मंत्र निवडा, फासे टाका, बास एवढंच. कोड मी आणि कराडचा एक मित्र, आणि सगळा डेटा भरला सांगलीच्या एका ताईने, नोकरी सांभाळून रात्री बसून, तेही पुस्तक समोर ठेवून स्पेलच्या स्पेल मराठीत आणले तिने. गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवतात त्या साइटवर टाकलं, एमआयटी लायसन (कुणीही घ्या, वापरा म्हणणारं) लावलं आणि विसरलो.

आता परवा कुणीतरी तिथे लिहून गेलंय की हा मजकूर तुमचा नाही, चित्रांखाली चित्रकाराचं नाव नाही, काढून टाका. आम्ही एक रुपया घेत नाही, जाहिरात नाही, भाषांतर पण स्वतःचं. मग लायसन कसलं मोडलं? आणि खरंच मोडलं असेल तर ताईचं सहा महिन्यांचं काम पाण्यात जाणार का, तिला अजून सांगितलेलंच नाही मी.

कृष्णाकाठचा_वाटसरू:
भावा, आधी ते 'पैसे घेत नाही' डोक्यातून काढ. शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे तू फुकट वाटलेस म्हणून झाड तुझं होत नाही.

खेळाचा नियम कुणाच्या मालकीचा नसतो, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाका, आकडा मिळवा, समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याएवढा किंवा जास्त आला तर वार लागला, ही कल्पना झाली. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंदच्या खटल्यात हेच सांगितलंय, नाटक-सिनेमाचं भांडण होतं ते, की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. पण पुस्तकातली वाक्यं म्हणजे मांडणी. आणि १९५७ च्या कायद्यात भाषांतर करायचा हक्क पण मूळ मालकाकडेच दिलाय, त्यामुळे मराठीत आणलं म्हणून सुटका नाही. ताईची मेहनत तिचीच, पण ती ज्याच्यावर उभी आहे ते दुसऱ्याचं.

आता बरी बातमी. याच खेळाचा एसआरडी नावाचा मोठा भाग, नियमांचा दस्तऐवज, खेळाच्या कंपनीने, विझार्ड्सने, स्वतः मोकळा केलाय. २०२३ च्या जानेवारीत जुनं ओजीएल (ओपन गेम लायसन) बदलायचा मसुदा फुटला, जगभरचे खेळणारे लय भडकले, आणि २७ जानेवारीला विझार्ड्सने एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स बाय (सीसी बाय, म्हणजे श्रेय द्या आणि वापरा) ४.० खाली टाकून दिला. त्यात भाषांतर चालतं, विकलं तरी चालतं. फक्त त्यांनी दिलेला श्रेयाचा मजकूर जसाच्या तसा लावायचा आणि आपण बदल केलेत, भाषांतर केलंय, हे सांगायचं. तेव्हा ताईने जे भरलं त्यातलं एसआरडीत काय आहे ते शोधा. स्पेलचे शब्द तिथे बरेचसे तेच आहेत त्यामुळे बरंच वाचेल असं वाटतंय.

पोवईनाका_डी२०:
जीवात जीव आला दादा. पण शोधायचं कसं, नाव जुळलं की झालं का?

हळद_आणि_फासे:
नाही ओ, नावावरच तर फसगत होते. मी सांगलीचीच, पूर्वी अशाच एका व्हॉलंटियर प्रोजेक्टमध्ये डेटा तपासायचं काम केलंय म्हणून सांगते, कोड लिहिणाऱ्यांना टाळ्या मिळतात आणि हे काम करणाऱ्याला सगळे कटकट्या म्हणतात.

पुस्तकात 'ताशाज हिडिअस लाफ्टर' आहे, एसआरडीत नुसतं 'हिडिअस लाफ्टर'. 'बिगबीज हँड' तिथे 'आर्केन हँड' होतो, 'मेल्फ्स ॲसिड ॲरो' मधला मेल्फ गायब. जादूगारांची नावं कंपनीने स्वतःकडे ठेवलीत. तेव्हा पुस्तकातलं नाव एसआरडीत सापडलं नाही म्हणून स्पेल उडवू नका, आणि सापडलं तरी नुसत्या नावावर विसंबून सोडूनही देऊ नका, मजकूर शेजारी ठेवून वाचा. क्लास, म्हणजे पात्राचे प्रकार, बाराच्या बारा आहेत पण प्रत्येकाचा सबक्लास, म्हणजे पोटप्रकार, एकच. बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) एकच, ॲकोलाइट. फीट (जादा कौशल्य) एकच, ग्रॅपलर. बाकी जे ताईंनी भरलंय ते जाणार, त्याला इलाज नाही. राक्षसांत बिहोल्डर घेतला असेल तर तोही काढा, सगळ्यांचा लाडका आहे पण त्याचं पान एसआरडीत नाही.

एक एक्सेल करा. ओळ म्हणजे एक नोंद, पुढे रकाने: कुठून घेतलं, कुठलं लायसन, श्रेय कुणाला, कुणी तपासलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नसतं. आणि डेटा कोडच्या पोटात कोंबू नका, वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवा. पीसीजेन बघा, जावातलं जुनं कॅरेक्टर बनवायचं सॉफ्टवेअर, कोड एलजीपीएल या मोकळ्या लायसनखाली आणि डेटा वेगळ्या एलएसटी फाइलीत. ओजीएलवाला मजकूर वापरला की त्या लायसनची पूर्ण प्रत सोबत लागते, मोकळा मजकूर कुठला ते दाखवावं लागतं, आणि कलम १५ मध्ये ज्या ज्या पुस्तकातून घेतलं त्या सगळ्यांच्या कॉपीराइट ओळी उतरवाव्या लागतात, लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारख्या, एक राहिला की रुसवा. तुमचं सीसीवर भागतंय तर त्या वाटेला जाऊच नका.

रिकामा_कराडकर:
सगळे डेटाचं बोलताय, ते एमआयटी लायसन कुणी बघितलं का? सगळ्या प्रोजेक्टवर एकच एमआयटी लावलंय म्हणजे तुम्ही जगाला सांगितलंत की पुस्तकातला मजकूर पण घ्या, आमची परवानगी. जे आपलं नाही त्याची परवानगी देणारे आपण कोण. कोडच्या फोल्डरला एमआयटी ठेवा, डेटाला सीसी बाय, चित्रांची फाइल वेगळी. चित्रं गेम-आयकॉन्स या साइटची असतील, सगळे तिथूनच उचलतात, ती सीसी बाय ३.० आहेत, प्रत्येक चित्रकाराचं नाव लागतं. आणि यात एक मेख आहे, सीसी ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली की हक्क आपोआप परत मिळतात, ३.० मध्ये ती सोय नाही. तेव्हा नावं आज रात्रीच लावा आणि चित्रकारांना सॉरी म्हणून एक मेल टाका, बहुतेक कुणी रागावत नाही. 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरला असेल तर तो ओएफएल या फॉन्टसाठीच्या मोकळ्या लायसनखाली आहे, लायसनची फाइल सोबत ठेवली की बास.

अजून एक. फाइल डिलीट केली म्हणजे गेली असं समजू नका, गिट म्हणजे कोडचे जुने बदल जपणारं सॉफ्टवेअर, त्याच्या इतिहासात ती तशीच पडून असते. इतिहास फिल्टर-रेपो या टूलने साफ करा, ॲपच्या जुन्या इन्स्टॉल फाइली (एपीके) काढा, आणि ज्यांनी फोर्क करून स्वतःची प्रत घेतलीय त्यांना कळवा. ॲपच्या नावात डीएनडी असेल तर तेही बदला. 'फिफ्थ एडिशनशी सुसंगत' लिहायला एसआरडीतच मुभा दिलीय.

पोवईनाका_डी२०:
अपडेट. रविवारी खेळ बंद ठेवला, चहा आणि कंदी पेढे घेऊन बसलो, ताई सांगलीहून फोनवर. तिला सांगितल्यावर दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली मला आधी विचारलं असतं तर मी पुस्तक हातातच धरलं नसतं. खरंय, चूक आमची, लायसन लावलं मी आणि नाव खराब व्हायची वेळ तिची.

रात्री साडेदहापर्यंत 'स' पर्यंत पोचलो. सबक्लासमध्ये लय कत्तल झाली, बारा उरले. बिहोल्डर गेला, आमच्या कराडच्या मित्राने त्याच्यासाठी दोन मिनिटं मौन पाळलं. स्पेल मात्र ताईने एसआरडी समोर ठेवून ओळीओळीने परत तपासले, जिथे पुस्तकाचं शेपूट राहिलेलं ते छाटलं. चित्रकारांची नावं लागली, एमआयटी फक्त कोडला राहिलं. इतिहास साफ करायचं काम बाकी आहे, ते करताना अडलो तर इथेच येणार.

आणि ताशाचं नाव काढलं पण ताईने त्या स्पेलला मराठीत 'खदाखदा' म्हटलेलं, ते ठेवलंय, श्रेयाच्या पानावर भाषांतर म्हणून तिचं नाव टाकून.