'आध्यात्मिक शरीर' म्हणजे शरीरच नव्हे का? (1 करिंथ 15:44)

जिज्ञासा
बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (1 करिंथ 15:44) 'आध्यात्मिक शरीर' उठवले जाते असे आहे. पुढे 15:50 म्हणते की मांस व रक्त यांना देवाच्या राज्याचे वतन मिळत नाही. दोन्ही वचने लागोपाठ वाचली की उठणार तो फक्त आत्मा, असे वाटते. मग प्रेषितांच्या विश्वासांगीकारात (मंडळीत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) 'देहाचे पुनरुत्थान' का म्हणतात? आणि ज्यांचा देह जळून गेला किंवा समुद्रात नाहीसा झाला त्यांचे काय?

मूळ_वाचन
घोटाळा 'आध्यात्मिक' या शब्दाने होतो. मूळ ग्रीकमध्ये 'सोमा प्न्यूमाटिकोन' (आध्यात्मिक शरीर) आहे आणि त्याच्या जोडीला 'सोमा प्सुखिकोन', म्हणजे प्राणमय शरीर. पहिल्याचा अर्थ 'आत्म्याचे बनलेले' असा घेतला, तर दुसऱ्याचा अर्थ 'प्राणाचे बनलेले' असा घ्यावा लागेल. आपले आजचे शरीर तसे आहे असे कोणीच म्हणत नाही. शरीर कशाचे बनले आहे हे हे शब्द सांगत नाहीत. ते कोणाच्या बळावर जगते, हे सांगतात. हीच जोडी याच पत्राच्या 2:14-15 मध्ये चालत्याबोलत्या माणसांसाठी आली आहे, तिथे प्न्यूमाटिकोस (आध्यात्मिक) माणूस काही अशरीरी नाही.

'मांस व रक्त' हा मर्त्य, दुबळ्या माणसासाठीचा यहुदी वाक्प्रचार. मत्तय 16:17 मध्येही तो याच अर्थाने येतो. 50 वर थांबू नका, 53 वाचा: '*हे* विनाशी' अविनाशीपण परिधान करते. जुने टाकून नवे घेतले जात नाही. जे आहे त्यावरच नवे चढते. बियाण्याच्या दाखल्यातही (15:36-38) तेच आहे. दाणा आणि रोप दिसायला सारखे नसतात, पण रोप त्याच दाण्याचे असते.

आणखी एक फरक सांभाळा. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर उठला तो पुन्हा मरण्यासाठीच. बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले होते. ख्रिस्ताच्या कबरेत वस्त्रे मागे राहिली. विश्वासणाऱ्यांचे पुनरुत्थान ख्रिस्तासारखे आहे, लाजरासारखे नाही. म्हणूनच पौल ख्रिस्ताला 'प्रथमफळ' म्हणतो: पहिली पेंढी आणि उरलेले पीक एकाच शेतातले.

जुनी_मंडळी
राखेच्या प्रश्नावर. सन 177 मध्ये ल्योन (आजचे फ्रान्स) येथे ख्रिस्ती हुतात्म्यांची शरीरे जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली, त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून. त्या मंडळीचे पत्र प्राचीन चर्च-इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले आहे. छळ करणाऱ्यांचा हिशेब चुकला तो इथेच: ही आशा अवशेष टिकण्यावर नसून उठवणाऱ्यावर आहे (रोम 8:11).

एका माणसाचे मांस दुसऱ्याने खाल्ले तर ते कोणाचे, हा प्रश्न प्राचीन धर्मशास्त्री ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या 22व्या भागात घेतला. त्याचे उत्तर: ज्याचे ते आधी होते त्याचे. मला मात्र कणांचा हा हिशेब गरजेचा वाटत नाही. जिवंतपणीही शरीरातले द्रव्य बदलत राहते, तरी माणूस तोच असतो. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्री ओरिजेनने याचसाठी शरीराला नदीची उपमा दिली होती.

दहनाबद्दल: कॅथलिक चर्चने 1963 मध्ये परवानगी दिली, मात्र पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन निवडलेले नसावे ही अट ठेवली. 2016 च्या सूचनेनुसार राख उधळायची नाही, पवित्र ठिकाणी ठेवायची. ऑर्थोडॉक्स परंपरा दफनाचाच आग्रह धरते.

जिज्ञासा
आभार, 53वे वचन नजरेतून सुटले होते. पण मग येशू वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला म्हणाला, 'आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' (लूक 23:43), याचे काय? तिथे तर शरीराची वाट पाहिलेली दिसत नाही.

मूळ_वाचन
त्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मरणानंतर ख्रिस्ताजवळ असणे (फिलिप्पै 1:23) ही पहिली, त्याच्या आगमनाच्या वेळी देहासह उठणे (1 थेस्सल 4:16) ही दुसरी. प्रकटीकरण 6:9-11 मध्ये वेदीखालचे हुतात्मे देवाजवळ आहेत, तरी 'कोठवर?' असे विचारतात, आणि आणखी थोडा वेळ थांबायला त्यांना सांगितले जाते.